गाडीतल्या टेपवरून फोनवर बोलायचंय, समोरच्याला नीट ऐकू जाईल असा सेट सुचवा

माणदेशी_पशुवैद्य (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी.

मी माण तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. दहिवडी, म्हसवड, शिंगणापूर या पट्ट्यात रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणं होतं. गाडी ईको. मागे औषधांच्या पेट्या आणि रेतमात्रांचा नायट्रोजनचा कंटेनर.

माझा फोन दिवसभर थांबत नाही. "डाक्टर, गाय अडलीया", "म्हस उठंना झालीया", "वासराचं पोट फुगलंय". यातला एकही फोन अर्ध्या तासाने घेतो म्हणून चालत नाही. पूर्वी फोन कानाला लावून गाडी चालवायचो, ते चूकच होतं. ते सोडायचं म्हणून गेल्या दिवाळीत ब्लूटूथचा टेप बसवून घेतला. मला समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पण समोरच्याला माझं काही कळत नाही. "विहिरीतनं बोलताय का" असं विचारतात.

गेल्या महिन्यात वासराला जंताचं औषध आठ मिली द्या म्हणून सांगितलं. शेतकऱ्याने ऐकलं साठ. नशीब, त्याने परत फोन केला. म्हणाला, "बाटलीच तीस मिलीची हाय, साठ कुठनं देऊ?" बाटली मोठी असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून विचारतोय. दहा हजारांच्या आत कुठला सेट घ्यावा? मोठा स्क्रीन मला नको, पण त्यानेच आवाज सुधारणार असेल तर थोडे जास्त पैसे घालेन. गाणी ऐकू आली नाहीत तरी चालतील.

कोल्हापूरचा_वायरमन (रविवार, रात्री १०:१५)

डॉक्टरसाहेब, सतरा वर्षं हेच काम करतोय म्हणून आधी दोन प्रश्न विचारतो.

तुमच्या टेपच्या तोंडावर, बटणांच्या शेजारी, सुईने पाडल्यासारखं बारीक भोक आहे का? आणि दुकानदाराने वायरीचा वेगळा माइक बसवला होता का?

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. टेप डॅशबोर्डच्या मध्ये, इंजिनाच्या अगदी जवळ. माइक त्या भोकाच्या आत असेल तर तुमच्या तोंडापेक्षा इंजिनच त्याच्याशी जास्त बोलतंय. कितीही महागडा सेट आणा, माइक तिथेच राहिला तर रड तीच.

गोदाकाठ (सोमवार, सकाळी ७:५०)

स्क्रीनबद्दल माझा अनुभव सांगते. मी शाळेत शिकवते, नाशिकहून सिन्नरला रोज जाऊन-येऊन. दोन वर्षांपूर्वी नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवला. दुकानात रॅम किती, मेमरी किती, यावरच अर्धा तास बोलणं झालं. फोनवरचा आवाज कसा जातो हे ना त्यांनी दाखवलं, ना मी विचारलं.

नकाशाला आणि मागच्या कॅमेऱ्याला तो स्क्रीन उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फोनच्या बाबतीत मात्र फसले. गाडी सुरू केल्यावर स्क्रीन जागा व्हायला वेळ घेतो, तोवर आलेला फोन पर्समध्ये वाजत राहतो. आणि उचलायचं बटण काचेवर! खड्ड्यातून जाताना बोट भलतीकडे पडतं आणि फोन कट होतो. बघितल्याशिवाय हाताला लागेल असं गोल बटण असलेला जुना टेप फोनसाठी कितीतरी बरा होता.

तुम्हाला गाणी नकोत, नकाशा पाठ आहे. स्क्रीनवर पैसे घालू नका.

ध्वनिलहरी (सोमवार, दुपारी १:२०)

वायरमनदादांनी मर्मावर बोट ठेवलंय. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे, त्यामागचं कारण जरा सविस्तर लिहितो. सेट निवडताना ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने वाढते. टेप तुमच्या तोंडापासून साधारण ८० सेंटिमीटरवर असेल आणि माइक सनव्हायजरवर ४० सेंटिमीटरवर आणला, तर तुमचा आवाज ६ डेसिबलने वर येतो आणि इंजिनापासून माइक लांब गेल्यामुळे घरघर खाली जाते. फायदा दोन्ही बाजूंनी. सेटमधली कुठलीही चिप एवढं काम फुकटात करत नाही.

दुसरी गोष्ट आठ आणि साठची. साध्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. "स", "श" या अक्षरांची बरीच ताकद त्याच्या वर असते, म्हणून फोनवर स ऐकताना आपण अर्धा अंदाजच करत असतो. तुम्ही "आठ" म्हणालात तेव्हा त्याच्या आधी वाऱ्याची किंवा ब्लोअरची खरखर होती. ती खरखर त्या माणसाच्या कानाने "स" समजून घेतली. दोष त्याच्या कानाचा नाही.

यावर उपाय आहे. ब्लूटूथच्या हँड्स-फ्री प्रोफाइलमध्ये (फोनवरचं बोलणं गाडीच्या सेटवर कसं न्यायचं याचे ठरलेले नियम) १.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, रुंद पट्ट्याचा आवाज आला. त्यात साधारण ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. माहितीपत्रकात "एचडी व्हॉइस", "वाइडबँड स्पीच" किंवा "एमएसबीसी" असं काही लिहिलंय का बघा. पण तुमचा फोन, टेप आणि नेटवर्क या तिघांनाही ते जमलं पाहिजे. फोर-जीवरून व्हीओएलटीई कॉल असेल तर फरक कानाला कळतो. डोंगराआड नेटवर्क टू-जीवर घसरलं की पुन्हा जुनाच आवाज.

तिसरी गोष्ट, प्रतिध्वनी. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष आपल्या गाडीत असतो. आपल्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज आपला माइक उचलतो आणि परत पाठवतो. चांगल्या सेटमध्ये तो वजा करण्याची सोय असते. स्पीकरचा आवाज फार मोठा ठेवला की तीही थकते. फोनचा आवाज गाण्याच्या आवाजाहून वेगळा ठरवता येतो, पण बहुतेक सेटमध्ये तो फोन चालू असतानाच कमी-जास्त होतो. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक सेटला नावं ठेवतात.

सावकाश_चला (सोमवार, रात्री ८:३०)

सगळे माइकबद्दल बोलताय, मला दुसरंच बोलायचंय. कुणाला वाईट वाटलं तर माफ करा.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हातात फोन नव्हता. गाडीच्या स्पीकरवरच बोलत होता, माझ्याशीच. आईच्या औषधांवरून थोडं वाजलं होतं आमचं. समोर ट्रॅक्टर वळत होता. रस्ता सरळ, भर दुपार.

हात मोकळे असले म्हणून डोकं मोकळं असतं असं नाही. शेजारी बसलेला माणूस घाट आला की आपोआप गप्प होतो, कारण त्यालाही घाट दिसतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नसतं, तो बोलतच राहतो. ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. "काय म्हणालात?" एवढं विचारेपर्यंत किती गेली ते मोजा.

डॉक्टर, तुमचं काम मला कळतं. आमच्याही घरी म्हशी आहेत. पण वासराला किती मिली द्यायचं हे चालत्या गाडीतून सांगू नका. सेट कितीही चांगला मिळाला तरी.

माणदेशी_पशुवैद्य (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. वाईट कशाला वाटेल? हे मला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

आजपासून ठरवलं. चालत्या गाडीत फक्त तीन गोष्टी: कोण, कुठलं गाव, जनावराला काय झालंय. त्यावर "निघालो" किंवा "पाच मिनिटांत फोन करतो" एवढंच. औषध, मात्रा, सलाईन, हे सगळं गाडी बाजूला घेऊन. एखादी गाय आधी बघायची की नंतर, हे या तीन गोष्टींवरूनच कळतं, आणि तेवढ्यासाठीच मला चांगला सेट हवाय. नाहीतर मी उलट्या दिशेला वीस किलोमीटर गेलेलो असतो आणि गाय इकडे.

वायरमनदादा, भोक आहे. वेगळा माइक बसवलेला नाही. टेपचा डबा माळ्यावर होता तो उतरवून बघितला. त्यात माइक नाही आणि टेपच्या मागे माइकची जागाही नाही.

कोल्हापूरचा_वायरमन (मंगळवार, सकाळी ६:४५)

मग सेट बदला, पण फार पैसे घालवू नका.

ईकोची जागा सिंगल डिनची आहे, १८० बाय ५० मिलिमीटर. हे जर्मन माप आहे, सगळ्या कंपन्यांचे सिंगल डिन सेट तिथे बसतात. सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवुड, कुणाचाही बघा. नावापेक्षा डबा बघा. बाहेरचा माइक डब्यात आहे का, किंवा मागच्या बाजूला माइकचं वेगळं छिद्र आहे का? एकाच कंपनीच्या एका मॉडेलला असतं आणि हजार रुपये स्वस्त असलेल्या धाकट्या मॉडेलला नसतं. दुकानदार "सगळं सेम आहे" म्हणाला तरी डबा उघडून बघा.

मोठं गोल बटण असलेला घ्या, गोदाकाठ ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. बऱ्याच सेटमध्ये तेच बटण दाबलं की फोन उचलला जातो. डब्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, तो कमाल आकडा आहे. असल्या सेटची कायमची ताकद साधारण २२ वॅटच्या आसपास असते. फोनवर बोलायला ती भरपूर झाली.

आता वायरी, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. पिवळी वायर कायमच्या बारा व्होल्टवर. लाल वायर चावी फिरवल्यावर करंट येतो तिथे. काळी अर्थिंगला. पिवळी-लाल उलट लागली तर गाडी बंद केली की सेट सगळं विसरतो आणि रोज नव्याने फोन जोडायला लावतो. दोन्ही एकत्र करून कायमच्या करंटवर दिल्या तर सेट झोपतच नाही, आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसलेली. काळी वायर रंगावर स्क्रू मारून लावू नका. रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा आणि मग कसायची. नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईईई आवाज वर चढत जातो.

गाडीचा मूळ कपलर, म्हणजे वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा जोड, तोडू देऊ नका. जोडणारा कपलर बाजारात मिळतो. तुमच्याकडे ऊन जबर, नुसती काळी टेप गुंडाळली तर तिचा डिंक दोन उन्हाळ्यांत पाघळतो आणि वायरी उघड्या पडतात. स्लीव्ह घालून गरम करून बसवायला सांगा.

माइकची वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरखालून वर न्या. क्लिप सनव्हायजरला, आतल्या अंगाला, आरशाकडच्या टोकाला. खिडकीकडच्या टोकाला नको, वारा मारतो. एसीच्या किंवा ब्लोअरच्या जाळीसमोर तर अजिबात नको.

मांडवी (मंगळवार, सकाळी ११:१०)

पणजीहून एक छोटी भर. आमच्याकडे समुद्राच्या हवेने माइकच्या पिनवर हिरवट गंज धरतो आणि समोरच्याला खरखर जाते. सेट बिघडला म्हणून मी नवा घ्यायला निघालो होतो. फिटरने पिन काढली, पुसली, पुन्हा घातली, काम झालं. माणात हा त्रास नसेल, पण कोकणातल्या मंडळींनी खर्च करण्याआधी तेवढं करून बघावं.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी ४:००)

डॉक्टर, आणखी एक. अशा लहान टेपच्या पट्टीवर देवनागरी नावं उमटत नाहीत. माझ्या जुन्या टेपवर "आई" ऐवजी रिकामे चौकोन यायचे. तुमच्या फोनमध्ये शेतकऱ्यांची नावं मराठीत असतील तर फोन कुणाचा हे टेपवर कळणार नाही, आणि मग नजर फोनकडे जाते. ते टाळायचं असेल तर नावं इंग्रजी अक्षरांत साठवा.

कायद्याचंही इथे नोंदवून ठेवते, शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम घेताना वाचलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या वेळेला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे फोन खिशातच राहू दे.

ध्वनिलहरी (मंगळवार, रात्री ९:१५)

घेण्याआधी चाचणी कशी करायची ते सांगतो. दुकानात "हॅलो, ऐकू येतंय का" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "हॅलो" हा शब्द आपण अर्धा ऐकला तरी ओळखतो, त्यामुळे त्यातून काही ठरत नाही. अंदाजाने ओळखता येणार नाही असं काहीतरी वाचा. आकडे सगळ्यांत चांगले. समोरच्याने ते लिहून घ्यायचे आणि मग चुका मोजायच्या. सावकाश_चला ताईंचं ऐकून, हे गाडी उभी करूनच करा.

माणदेशी_पशुवैद्य (पुढचा रविवार, रात्री ८:५५)

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळेच झालं.

साताऱ्याला जाऊन सिंगल डिनचा सेट घेतला, गोल बटणाचा, डब्यात वायरीचा माइक असलेला. पहिल्या दुकानात "माइक लागत नाही साहेब, आतच असतो" म्हणाले, तिथून उठलो. दुसऱ्या दुकानातल्या पोराने न सांगता रंग खरवडून काळी वायर कसली, तेव्हा म्हटलं, माणूस बरोबर भेटला. सेट, कपलर, मजुरी धरून बिल आठ हजारांच्या थोडं आत.

आता चाचणी. आकडे कुठले वाचायचे हा प्रश्नच नव्हता. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. माझ्या वहीत असे शेकड्याने आहेत. पाच जनावरांचे नंबर काढले, म्हणजे साठ आकडे. बायको घरात वही घेऊन बसली, मी अंगणाबाहेर गाडीत. हँडब्रेक ओढून, न्यूट्रलला, पायाने इंजिन रस्त्यावर असतं तेवढं वाढवून, ब्लोअर तीनवर.

जुना टेप काढण्याआधी त्याचीही परीक्षा घेतली होती. साठातले एकोणीस आकडे चुकले. सात आणि साठ, सहा आणि दहा असले घोळ होतील म्हणून मी एकेक आकडा सुटा वाचत होतो, तरी एकोणीस.

नव्या सेटचा माइक आधी खिडकीकडच्या खांबाला लावला. काच बंद असताना पाच चुका, काच उघडल्यावर अकरा. मग स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या वर ठेवला. तिथे आठ चुका, बहुतेक ब्लोअरची हवा काचेवर आपटून येत असावी. शेवटी वायरमनदादांनी सांगितलं तिथे, सनव्हायजरच्या आरशाकडच्या टोकाला. दोन चुका. काच उघडली तरी तीन.

मग सेटिंगमध्ये माइकची ताकद जास्तीवरून मधल्यावर आणली, तेव्हा काच बंद असताना एकच चूक राहिली. ताकद जास्त ठेवली की आवाज वाढतो पण फाटतो, हे मला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, "आता तुम्ही घरात असल्यासारखे बोलताय."

नावांचं काम मुलीने केलं. चारशेच्या वर नावं इंग्रजी अक्षरांत घातली, आधी गाव आणि मग माणूस. फोन वाजला की पट्टीवर आधी गावच दिसतं. निम्म्या वेळा तेवढ्यावरच कळतं की गाडी वळवायची की नाही.

काल पहाटे कुकुडवाडच्या बाजूला होतो. फोन आला, पट्टीवर गाव दिसलं, बटण दाबलं. म्हातारबाबा होते, गाय रात्रीपासून कळा देतेय, एक पाय बाहेर आलाय. मी म्हटलं, "ओढू नका, निघालो." एवढंच. गाडी बाजूला घेतली, बाकीचं उभं राहून सांगितलं: पाणी गरम ठेवा, पाय ओढू नका, गायीला उठवत बसू नका. त्यांनी एकदाही "काय?" विचारलं नाही. कालवड जिवंत आहे.

सावकाश_चला (रविवार, रात्री ९:३०)

गाडी बाजूला घेतलीत, हे वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

कोल्हापूरचा_वायरमन (रविवार, रात्री १०:००)

डॉक्टर, अशी परीक्षा मी सतरा वर्षांत कुणाची बघितली नाही. उद्यापासून माझ्या दुकानात फोन जोडून झाला की गिऱ्हाइकाला त्याच्या गाडीचा चॅसिस नंबर वाचायला लावणार.

माइकची वायर खांबाच्या कव्हरखाली मोकळी सोडली असेल तर फोमचा तुकडा घालून घ्या, नाहीतर खराब रस्त्यावर ती पत्र्याला टकटक करते आणि ती टकटक माइकमध्येच जाते. आणि पावसात काय होतंय ते कळवा. ईकोच्या टपावर पाऊस वाजायला लागला की मोठमोठे सेट हात टेकतात.

माणदेशी_पशुवैद्य (रविवार, रात्री १०:२०)

फोम उद्याच घालतो. पहिला जोराचा पाऊस झाला की गाडी अंगणाबाहेर उभी करून तेच साठ आकडे वाचेन आणि किती चुकले ते इथे टाकेन. वही जपून ठेवलीय.